बिडकीनचा विषय तहकूब

शनिवार, १४ जून २०२५
पहाटे ५.४० ला उठले. आभाळ भरलेले. विलीनीकरण सोहळा, वेळ ११ ची, सुरू १२.२० ला. शहर, शहागंज, पैठण व बिडकीन या चारही शाखा सर्वानुमते विसर्जित. १ वाजून ५ मिनिटांनी एकच संयुक्त शाखा अस्तित्वात आली. भाषणे सात, त्यांपैकी मुलींविषयी एक. हार चाळीस आणले होते, पाहुणे एकतीस, म्हणून नऊ जणांना दोनदा घातले. मुली नव्हत्या, हॉल साठ माणसांचाच होता. जेवणात पनीर दोन प्रकारचे. चतुराबाई न जेवता गेल्या, त्यांना बस गाठायची होती. घरी ४ वाजता. गुडघ्याला तेल लावले.

ही नोंद रत्नमाला वाघचौरे यांच्या एकसष्टाव्या डायरीतली. आधीच्या साठ डायऱ्या उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी लोखंडी कपाटात सालवार उभ्या आहेत. पाहुणे आले की त्यांना आधी पाणी मिळतं, मग चहा, आणि कुणी एखाद्या जुन्या गोष्टीबद्दल छातीठोकपणे बोलू लागलं की कपाटाची किल्ली मिळते.

पहिली डायरी त्यांना कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या एका सिस्टरने दिली. रत्नमाला तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "रोज लिही. जे झालं ते लिही. जे वाटलं ते देवाला सांग, त्याच्याकडे वेळ आहे." मुलीने हे अक्षरशः मानलं. लग्न झालं, यजमान पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून जायकवाडीला होते, तिथल्या वसाहतीत अकरा वर्षं गेली, मग शहरात घर बांधलं, मुलगा शिकून पुण्याला गेला. हे सगळं डायऱ्यांत आहे आणि कुठेही 'आनंद झाला' किंवा 'वाईट वाटलं' असं नाही. नऊ वर्षांपूर्वी यजमान वारले, त्या दिवसाची नोंद तीन वाक्यांची आहे: 'सकाळी ६.४० ला हे गेले. डॉक्टर ७.१५ ला आले. दूध नासले.' ते पान वाचून त्यांची सून रडली होती. रत्नमालाबाईंना कळेना, यात चूक कुठे आहे.

नातेवाइकांना या कपाटाचा धाक आहे. पुतण्या काकासाहेब एका लग्नातल्या मानपानावरून बावीस वर्षं सोयऱ्यांवर रुसून होता, की आपल्याला शाल दिली नाही. रत्नमालाबाईंनी त्या सालाची डायरी काढली. शाल दिली होती, तपकिरी होती, आणि काकासाहेब ती जीपमध्ये विसरून गेला होता. रुसवा मिटला. आभार मात्र कुणीच मानले नाहीत. उलट त्या दिवसापासून दोन्हीकडची माणसं त्यांच्याशी जपून बोलायला लागली.

अशा बाईला सभेचं इतिवृत्त लिहायला बसवलं नाही तर कुणाला बसवायचं? नवतारा कन्या संघाने ते चौतीस वर्षांपूर्वी ओळखलं.

संघाचं काम साधं. आठ ते सोळा वर्षांच्या मुलींनी आठवड्यातून एकदा जमायचं, गाठी मारायला शिकायचं, पट्ट्या बांधायला शिकायचं, शिट्टीच्या इशाऱ्यावर ओळीत उभं राहायचं आणि वर्षातून एकदा शिबिराला जाऊन कच्ची खिचडी खायची. जिल्ह्यात चार शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेला आपणच मूळ शाखा आहोत असं वाटत होतं. शहरवाल्या इंग्रजी प्रार्थना म्हणत. पैठणवाल्यांना वाटे, आपण नाथांच्या गावच्या, तेव्हा शिस्त आपल्याकडूनच बाकीच्यांकडे गेली. शहागंजची शाखा सगीराबाजी चालवत, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि तिथल्या मुली पट्टी इतकी सुरेख बांधत की सोडवायला जीव होत नसे. बिडकीनकडे मूळ असल्याचा काही पुरावा नव्हता, त्यामुळे ती शाखा नुसतीच चालू होती.

या चौघींना एक करावं असं कुणाला कधी सुचलं नव्हतं. सुचलं ते पुण्यातल्या मुख्यालयाच्या संकेतस्थळाला. त्यावर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि प्रत्येक जिल्ह्यासाठी एक चौकोन. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या एका चौकोनात चार शाखांची नावं बसेनात. एकदा 'पैठण' दिसे, एकदा 'शहर', आणि 'बिडकीन'चं नुसतं 'बि'. चौकोन मोठा करता येईल का, असं विचारलं तर उत्तर आलं की ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. त्यापेक्षा शाखाच कमी करणं सोपं होतं.

जिल्ह्याच्या अध्यक्षा मेघाताई दांडगे यांनी ही कल्पना मनावर घेतली. सिडकोत त्यांचे स्पर्धा परीक्षांचे क्लासेस आहेत. बाई कामसू, हसतमुख, आणि त्यांना कुठलीही लहान वस्तू दिसली की ती मोठ्या वस्तूत घालावीशी वाटते. त्या म्हणाल्या, "काकू, चार छोट्या शाखा म्हणजे चार छोटे आवाज. एक झालो की इम्पॅक्ट बघा." रत्नमालाबाईंनी 'परिणाम' असं लिहून घेतलं.

एकत्रीकरण समितीच्या नऊ महिन्यांत अकरा सभा झाल्या. पहिल्या चार नावावर गेल्या आणि शेवटी पहिलंच नाव ठेवायचं ठरलं. पुढच्या तीन स्कार्फच्या रंगावर गेल्या. शहराचा निळा, शहागंजचा हिरवा, पैठणचा जांभळा, बिडकीनचा हळदी. कुणीच आपला रंग सोडेना, तेव्हा कुणाचाच नसलेला रंग घ्यायचं ठरलं. राखाडी. मेघाताई आणि सगीराबाजी कापड आणायला शहागंजात गेल्या. दुकानदार शफीभाईंनी तागा उलगडला आणि विचारलं, "बाजी, किती खिडक्या आहेत?"

"खिडक्या नाहीत, मुली आहेत," सगीराबाजी म्हणाल्या.

शफीभाईंनी कापडाकडे पाहिलं, बाजींकडे पाहिलं, आणि मोजायला घेतलं.

मुलींविषयीचा विषय आला तो आठव्या सभेत. संयुक्त शाखेची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शहरात, मेघाताईंच्या क्लासच्या वातानुकूलित हॉलमध्ये घ्यायची, असा प्रस्ताव होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या चतुराबाईंनी हात वर केला.

चतुराबाई बिडकीनच्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभा जन्म गेला, आता त्रेसष्ट वय. त्यांच्या शाखेला ना हॉल, ना खोली. जुन्या गोदामाच्या मागे एक फरशी घातलेलं अंगण होतं, तीच शाखा. शनिवारी साडेतीनला त्या गळ्यात शिट्टी घालून गल्लीगल्लीतून फिरत. शिट्टी ऐकली की मुली निघत. कुणाच्या कडेवर भाऊ, कुणाच्या हाताला पीठ. एखाद्या दारात आई आडवी आली तर चतुराबाई तिथेच सौदा करत: "दोन तास दे पोरगी. आल्यावर भांडी तीच घासंल, मी उभी राहून घासून घेते." एका बाजूला कारखाने आलेले, दुसऱ्या बाजूला अजून कपाशी. बापांना दोन्हीकडच्या पाळ्या. मुलींना घर, शाळा आणि हे अंगण, याखेरीज पाय ठेवायला जागा नव्हती.

तर चतुराबाई उभ्या राहिल्या. "बाई, माझ्या पोरी शहरात येणार कशा?"

मेघाताई हसून म्हणाल्या, "एसटी आहे ना, चतुराबाई. पैठणच्या सगळ्या गाड्या बिडकीनवरूनच येतात."

"गाडी येतीय व्हय. पर पोरीला गाडीत बसवायला बाप लागतो. अन् बाप म्हणतो, गाठ मारायला पंचवीस किलोमीटर कशाला, गाय हाय की दारात."

दोघीतिघी हसल्या. चतुराबाई नाही हसल्या. "मी सांगते, बावीस पोरी हायत. शहरात एक येणार नाय. शनवार गेला की शाखा गेली."

"आपण ऑनलाइनचाही विचार करू," मेघाताई म्हणाल्या. "फार छान मुद्दा मांडलात. काकू, घेतलंत ना?"

रत्नमालाबाईंनी घेतलं. त्यांनी लिहिलं: 'बिडकीन शाखेने वाहतुकीबाबत सूचना केली. तिची नोंद घेण्यात आली.' चौतीस वर्षांत त्यांनी अशा पुष्कळ नोंदी घेतल्या होत्या. नोंद घेतलेली सूचना पुन्हा कधी उठून बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि त्यांना सगळं आठवत असे.

मग आला जूनचा सोहळा. त्याच्या आदल्या दिवशी मेघाताईंचा फोन आला. "काकू, उद्या चारही शाखांचे विसर्जनाचे ठराव एकाच बैठकीत घ्यायचे आहेत, पाहुण्यांना वेळ नाही. तुम्ही इतिवृत्त आजच लिहून ठेवा ना. वेळ तेवढी कोरी सोडा." सभेच्या आधी सभेचं इतिवृत्त रत्नमालाबाईंनी जन्मात लिहिलं नव्हतं. पण गुडघा दुखत होता, पाहुणे मोठे होते, आणि मेघाताई 'काकू' फार गोड म्हणतात. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी चार इतिवृत्तं लिहिली. चारही ठिकाणी एकच वाक्य: 'शाखेचे विसर्जन करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर.' शनिवारी वेळ भरली आणि सह्या घेतल्या. चतुराबाईंनी सही करताना फार वेळ लावला. त्या नेहमीच वेळ लावतात, म्हणून कुणी पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी, २१ तारखेला, दुपारी सव्वाचारला फोन वाजला.

"बाई, मी चतुरा. आज शनवार हाय."

"हो, माहीत आहे."

"पोरी आल्यात. मी शिट्टी नाय वाजवली, तरी आल्यात. काय सांगू त्यांना?"

रत्नमालाबाई म्हणाल्या, "शाखा विसर्जित झाली आहे, चतुराबाई. तुमची सही आहे."

"सही हाय व्हय. नाय कुठं म्हणते. तुमीच सांगा, देते फोन."

आणि खरंच त्यांनी फोन दिला. पलीकडे एक मुलगी होती. "आजी, मी श्रेया. आमची आज प्रथमोपचाराची परीक्षा व्हती. महेजबीनचा पाय मोडलाय."

"अगं बाई, कसा?"

"खोटा मोडलाय. परीक्षेसाठी. ती फळीवर पडून हाय अर्ध्या तासापासून. उठू म्हणावं का तिला?"

रत्नमालाबाईंनी जन्मभर प्रश्नांना उत्तरं दिली होती. तारीख, वार, वेळ. याचंही तसंच दिलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात शहरात बैठक आहे. तिथे परीक्षा होईल." पलीकडे कोंबड्यांची कलकल चालू होती. मग श्रेया कुणाला तरी म्हणाली, "ऊठ महेजबीन, पाय बरा झाला." आणि फोन बंद झाला.

त्या दिवशीच्या डायरीत: 'बिडकीनहून फोन, ४.१५. चार मिनिटे.' त्यापुढे त्यांनी काहीतरी लिहायला पेन टेकवलं होतं. टिंब राहिलं आहे.

जुलैत मुख्यालयाने कागद मागवले. पंधरा कलमांची यादी होती. चौदा पूर्ण होती. पंधरावं: 'शाखा विसर्जनाच्या सभेचे इतिवृत्त त्या शाखेच्या पुढील सभेत वाचून कायम केल्याची प्रत.' सगीराबाजी यादी वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला आणि हसायला लागल्या.

"काय झालं?" मेघाताईंनी विचारलं.

"मेघाताई, मय्यत दफन केली. आता म्हणतात, तिला उठून सांगू द्या की मी नक्की मेले."

सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचायचं, कुणाची हरकत नसेल तर कायम करायचं, हे संघात पहिल्या दिवसापासून चालत आलेलं. न कायम झालेलं इतिवृत्त म्हणजे कच्चा कागद. पण शाखाच विसर्जित केली तर तिची पुढची सभा घेणार कोण? नऊ महिने, अकरा सभा, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रत्नमालाबाईंच्याही नाही. त्यांचे कान लाल झाले.

मेघाताईंना यात अडचणच दिसेना. "काकू, एक ओळ तर लिहायची आहे. '२१ जून रोजी वाचून कायम केले.' चारही ठिकाणी. मी टाइप करून आणते, तुम्ही फक्त सही करा."

"२१ जूनला सभा झाली नाही."

"झाली असती."

"झाली असती हे मी कसं लिहू?"

"काकू, मुख्यालयात कोण बघतंय?"

रत्नमालाबाई म्हणाल्या, "मी बघतेय." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मेघाताईंनी वाद घालायच्या ऐवजी चहा मागवला.

शेवटी तोड निघाली. प्रत्येक शाखेने एकदाच, पाच मिनिटं, इतिवृत्त कायम करण्यापुरती सभा घ्यायची. शहर, शहागंज आणि पैठणची कार्यकारिणी तिथेच हजर होती, तेव्हा तीन सभा चहा गार व्हायच्या आत झाल्या. पैठणच्या सभेत तर अध्यक्षांनी बिस्किट तोंडात असतानाच हरकत नसल्याचं सांगितलं. राहिलं बिडकीन. तिथली सभा बिडकीनलाच घ्यावी लागणार होती, कारण त्या शाखेची घटना निराळी होती.

झालं होतं असं. १९९८ साली बिडकीनची शाखा निघाली तेव्हा कोरमला बायकाच मिळत नव्हत्या. सभा ठरली की कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची म्हैस व्यालेली. चतुराबाई रत्नमालाबाईंकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पोरी रोज येतात, बाया येत नायत. पोरींनाच हात वर करू द्या की." रत्नमालाबाईंनी त्या वेळी हसून तसंच कलम लिहून दिलं: बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलीला सभेत मत. बाकी तीन शाखांना हे कळलं तेव्हा थट्टा झाली, मग सगळे विसरले. सत्तावीस वर्षं बिडकीनच्या मुली शिबिराला खिचडी हवी की पिठलं, याच्यावर रीतसर मतदान करत होत्या.

१९ जुलैच्या शनिवारी रत्नमालाबाई मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणच्या गाडीत बसल्या. सोबत सगीराबाजी होत्या, 'तमाशा बघायला' म्हणून. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी हादरत होती. सगीराबाजींनी खारे शेंगदाणे काढले.

"रत्नाबाई, एक विचारू? वाचून कायम झालं की चतुराची शाखा संपली. हेच ना?"

"कागदावर ती जूनमध्येच संपली."

"मग आपण जातोय कशाला?"

"कागद पुरा करायला."

सगीराबाजींनी शेंगदाणे पुढे केले. "घ्या. दात आहेत तोवर चावून घ्या," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अंगणात मुली ओळीत बसल्या होत्या. गळ्यात हळदी स्कार्फ. राखाडी अजून पोचले नव्हते. चतुराबाईंनी दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या आणि स्वतः फरशीवर बसल्या होत्या. आज काय होणार ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मुलींच्या वेण्यांकडे पाहिलं, मग एकीचा स्कार्फ सरळ केला.

सभा चारला सुरू झाली. तेरा मुली मताच्या वयाच्या, चार बायका. रत्नमालाबाईंनी उभं राहून इतिवृत्त वाचलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं तसं, प्रत्येक शब्द सुटा. "दिनांक १४ जून. बिडकीन शाखेची सभा. हजर सदस्य तीन. शाखेचे विसर्जन करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर." मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "वाचलेलं बरोबर आहे का? कुणाची हरकत?"

हा प्रश्न त्यांनी चौतीस वर्षांत काही शे वेळा विचारला असेल. उत्तर ऐकायची वेळ कधी आली नव्हती.

श्रेयाने हात वर केला. उंच, सडपातळ, चौदा वर्षांची. "आजी, हजर तीन म्हणता तुमी. कोण कोण?"

"चतुराबाई आणि दोन सदस्या."

"आपले मतवाले सतरा हायत. कोरम नऊचा. तुमीच लिहिलंय, आमच्या वहीत चिकटवलंय. तिघीत सभा झालीच कशी?"

चतुराबाई म्हणाल्या, "श्रेये, बस खाली. बाईंशी असं बोलतेत व्हय?"

"मी कुठं वाईट बोलले? मी हरकत घेतली. हरकत विचारली म्हणून घेतली." तिने रत्नमालाबाईंकडे पाहिलं. "त्या दिवशी आमी इथं बसलो व्हतो आजी. चतुराबाई येईस्तवर. आमाला कुणी बोलावलं नव्हतं."

रत्नमालाबाई खाली बसल्या. त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि १४ जूनचं पान उघडलं. पुरावा मागितला की डायरी काढायची, ही साठ वर्षांची सवय. आजवर त्या पानांनी दुसऱ्यांना खोटं पाडलं होतं. त्यांनी वाचलं: 'चारही शाखा सर्वानुमते विसर्जित.' आणि पाच ओळी खाली: 'मुली नव्हत्या, हॉल साठ माणसांचाच होता.' दोन्ही वाक्यं एकाच शाईत, एकाच अक्षरात. एक त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 'सर्वानुमते' हे मात्र आदल्या संध्याकाळी घरी बसून इतिवृत्तात लिहिलं होतं, आणि मग आपलंच लिहिलेलं वाचून खरं मानलं होतं.

सगीराबाजी वाकून पान वाचत होत्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"हरकत बरोबर आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी उभं राहून पुन्हा म्हटलं. "हरकत बरोबर आहे. १४ तारखेला कोरम नव्हता. सर्वानुमते हे मी लिहिलं, ते चूक आहे. इतिवृत्त कायम होऊ शकत नाही."

"म्हंजी काय झालं?" मागून महेजबीनने विचारलं. ती आज धडधाकट होती.

"म्हणजे बिडकीनचा ठराव झालेलाच नाही. शाखा आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मुलींना शाखा नाही असं कधी वाटलंच नव्हतं. फक्त चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि उठून, पाणी आणते म्हणून, गोदामाच्या पलीकडे गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या. पाणी आणायचं विसरल्या होत्या.

रत्नमालाबाईंनी तिथूनच मेघाताईंना फोन लावला. जे झालं ते सांगितलं. मेघाताईंनी लगेच मार्ग काढला. मार्ग काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. "ठीक आहे काकू, मग आत्ताच घ्या ना ठराव. कोरम आहेच. हात वर करायला लावा. लहान मुली आहेत, तुम्ही सांगाल ते ऐकतील."

"सांगते," रत्नमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी सभेला विषय सांगितला: शाखेचं विसर्जन करून शहरात विलीन व्हायचं की नाही. संयुक्त शाखेचे फायदे सांगितले, एकही न गाळता. हॉल थंड आहे हेही सांगितलं. मग मत मागितलं. श्रेया पुन्हा उठली.

"आजी, परीक्षा राहिलीय. सहाला पोरींना घरी जायचंय. हा विषय पुढल्या शनवारी घेतला तर चालतं का?"

"चालतं. त्याला विषय तहकूब करणं म्हणतात. सूचना आणि अनुमोदन लागतं."

"मी सूचना करते."

"मी अनुमोदन देते," महेजबीन म्हणाली, आणि तयारीने फळीवर जाऊन आडवी झाली.

सतरापैकी सतरा हात वर झाले. रत्नमालाबाईंनी हात मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

"आणि पुढल्या शनवारी पण वेळ नाय झाला तर?" श्रेयाने विचारलं. चेहरा अगदी सरळ होता.

"तहकूब झालेला विषय पुढच्या सभेत पहिला घ्यावा, एवढाच नियम आहे," रत्नमालाबाई म्हणाल्या. "किती वेळा तहकूब करावा, याला मर्यादा घातलेली नाही." मग त्यांनी सांगितलं, "ती मीच घातलेली नाही."

सगीराबाजी चतुराबाईंच्या कानाला लागल्या. "चतुरा, तुझी पोरगी वकील होणार."

"आधी पट्टी तर नीट बांधू द्या तिला," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी शिट्टी वाजवली आणि परीक्षा सुरू झाली. महेजबीनचा पाय त्या संध्याकाळी चार जणींनी चार वेळा बांधला. एकीने चुकून चांगला पाय बांधला. ती नापास झाली.

२६ जुलैला वेळ मिळाला नाही. २ ऑगस्टला गाठींचा सराव लांबला. ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती, सभा अर्ध्या तासाचीच झाली, तरी विषय रीतसर पुकारला आणि रीतसर तहकूब केला. मुख्यालयाच्या संकेतस्थळावर जिल्ह्याच्या चौकोनात आता 'प्रक्रिया सुरू आहे' असं येतं आणि ते त्यात व्यवस्थित बसतं. मेघाताई अधूनमधून फोन करतात. "काकू, झालं का हो बिडकीनचं?" रत्नमालाबाई खरं ते सांगतात: विषय पहिल्या क्रमांकावर आहे. मेघाताईंनी बाकीच्या तीन शाखांची पहिली संयुक्त बैठक थंड हॉलमध्ये घेतली. एकशे चाळीस मुलींपैकी एकोणीस आल्या. आता त्या विचारात आहेत, की संयुक्त शाखा उपकेंद्रांमध्ये विभागावी. तीन उपकेंद्रं पुरतील असं त्यांना वाटतं.

रत्नमालाबाई दर शनिवारी दुपारी दोनच्या गाडीने बिडकीनला जातात. बिडकीनला लिहिणारी आता श्रेया आहे, पण तिला इतिवृत्त लिहायला शिकवायचं आहे. सभा होऊन गेल्यावर लिहायचं, आधी नाही, हे पहिलं. त्या पहिल्या शनिवारी, १९ जुलैला, गाडी उशिरा मिळाली आणि घरी पोचायला सव्वाआठ झाले. त्यांनी दिवा लावला, डायरी उघडली. खोडायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून १४ जूनच्या पानाला त्यांनी हात लावला नाही. आजच्याच पानावर लिहिलं:

शनिवार, १९ जुलै २०२५
बिडकीन शाखेची सभा, ४ ते ६. हजर सतरा. १४ जूनच्या नोंदीत 'चारही शाखा सर्वानुमते' असे आहे ते बिडकीनपुरते खोटे आहे, माझ्या हातचे. विषय क्र. १, शाखेचे विसर्जन: तहकूब, सतरा विरुद्ध शून्य. पुढील सभा शनिवारी ४ वाजता. प्रथमोपचार परीक्षा: उत्तीर्ण तीन, अनुत्तीर्ण एक. बस एक तास उशिरा. नळाला आज सहाव्या दिवशी पाणी आले होते, मी नव्हते. शेजारच्या प्रेरणाने पाइप लावून खालची टाकी भरून दिली, वरची रिकामी आहे.